अंजनगावची तापलेली जमीन

चहा घ्या, पण हसणार नाही असं आधी कबूल करा. अंजनगाव सुर्जीत मी जो घोळ घातला, तो आठवला की माझी बायको अजून जेवता जेवता ताटावरून उठते.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता. सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत ना, ती ऊब जमिनीखालून कुठवर पोचते हे पाहायला नागपूरच्या आमच्या साहेबांनी जागोजाग खोल भोकं पाडायला घेतली होती. माझं काम एवढंच, की दोरीला थर्मामीटर बांधून भोकात सोडायचा, बऱ्याच वेळानं वर काढायचा आणि पारा वाचायचा. एवढ्याशा कामात माणूस काय चुकेल? सांगतो.

काशीराम माळ्याच्या पानमळ्यात भोक पाडलं. पहिल्याच दिवशी पारा थेट वर. दुसऱ्या दिवशीही तसाच. साहेबांना कळवलं. उलट निरोप आला, ऊब खरी असेल तर मळा सरकार घेणार, तिथं मोठी यंत्रं बसणार, मी स्वतः येतो.

काशीरामच्या तोंडचं पाणी पळालं. नागवेलींवर त्याचं अख्खं घर चालायचं. भोकातून निघालेला चिखल त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.

"बाबू, हा तं गार हाय. मंग तुमचा पारा काहून तापून राह्यला?"

चिखल गार, पाणी गार, पारा मात्र भडकलेला. माझंच डोकं चालेना. पण बाबू म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं.

"चिखल वर येता येता निवतो," मी म्हणालो.

"एवढ्यात? आमच्या घरचं वरण तं ताटात एवढ्या लवकर निवत नाही."

मी विषय बदलला.

साहेब आले. म्हणाले, "रोज करता तसंच करा. मी बघतो."

केलं. थर्मामीटर टांगला, हळदकुंकू वाहिलं, तबकात कापूर पेटवला आणि मन लावून आरती ओवाळली, ज्योत अगदी काचेशी नेऊन. अहो, आपण दसऱ्याला विळाकोयता पुजतो. मग एवढं नाजूक यंत्र काळ्याकुट्ट भोकात तसंच कसं सोडायचं? माझा हात धजायचा नाही.

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, भक्तीनं.

"हा डॉक्टरच्या थर्मामीटरसारखा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही."

त्यांनी तो झटकला आणि आरतीविना खाली सोडला. वर आला तेव्हा पारा गपगुमान खाली बसलेला.

"मग दर्यापूरच्या भोकातही पारा तुम्हीच वाचला होतात, तिथली जमीन थंड कशी निघाली?" साहेबांनी विचारलं.

"तिथं कापूर मिळाला नव्हता, साहेब."

साहेब बांधावरच बसले. मळा वाचला होता. काशीराम आता माझ्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं. तो तबकाकडं बघत राहिला.

"म्हंजे बाबू, माह्या मळ्याखाली जाळ तुमी लावून राह्यले होते," तो म्हणाला, "अन् कापूर रोज मीच आणून देऊन राह्यलो होतो."