राजाच्या गळ्यातला पट्टा

आज सकाळी दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत गेलो होतो. त्यांचा राखणीचा कुत्रा राजा दोन दिवस काही खात नव्हता. मानेजवळ हात नेला की गुरगुरत होता.

“गोचीड झाले असतील. लय खाजवतोय,” मामा म्हणाले.

त्यांनी राजाचं डोकं मांडीवर धरलं, मी मानेवरचे केस बाजूला केले. पट्टा कातडीत रुतला होता. जखमेला वास येत होता. राजा पिल्लू असताना घातलेला तो पट्टा. कुत्रा वाढला, पट्टा तेवढाच राहिला.

आम्ही तो ओढून काढला नाही. राजाला तसंच गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भूल देऊन पट्टा कापला, जखम धुतली. “पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत,” एवढंच म्हणाले.

 परतताना मामा म्हणाले, “रोज माझ्या हातानं भाकर घालतो रे त्याला. मानेकडं कधी पाह्यलंच नाय.”

संध्याकाळी इंदिरानगरला घरी आल्यावर आमच्या ब्राउनीच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघितली. एकच गेलं. पट्टा लगेच सैल केला.

तुमच्याकडे कुत्रा असेल तर आत्ताच उठून बघून या. किती बोटं गेली?