सुलभाच्या शाली

काल सकाळी सुलभा गेली. तिचे हात गरम होते.

आधी हेच लिहितेय, कारण ते हात आयुष्यभर बर्फ होते.

कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमध्ये आमच्या कॉट शेजारी शेजारी. हिवाळ्यात सकाळच्या असेंब्लीला ती रांगेत माझ्या मागे उभी राहायची. सगळ्यांनी डोळे मिटले की हिचे दोन्ही हात माझ्या कॉलरच्या आत, थेट मानेवर.

मी किंचाळायचे. सिस्टर मलाच रागवायच्या.

"शोभे, तू माझी फुकटची शेगडी आहेस," ती नंतर म्हणायची.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले आणि ती अॅनेस्थेटिस्ट झाली. भूल देणारी डॉक्टर. नागपूर सोडून वाशीमला परत आली, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं.

इथेच तिला तिचा विषय सापडला. थंडी!

हसू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट गारठतो. भूल दिलेलं शरीर स्वतःला उबदार ठेवू शकत नाही. वर सर्जनसाठी लावलेला एसी आणि नसेतून जाणारं गार सलाईन. ती मला हे पोळ्या लाटताना समजावून सांगायची.

जवळच्या रिठद गावच्या एका आजींची गोष्ट तिने मला इतक्या वेळा सांगितली की मी तिथेच होते असं वाटतं.

आजींच्या घरी भाजीपाल्याचा मळा. सुनेचं सिझेरियन झालं होतं. वॉर्डात सून थरथर कापत होती आणि आजी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. कापरं भरलं म्हणजे ताप, हे आपल्याकडे सगळ्यांनाच पाठ.

सुलभाने पट्ट्या काढल्या.

"काहून काढून राह्यल्या बाई? पोरीले हिव भरलं ना!"

"ताप नाही आजी. थंडी हाये तिले."

"मे महिन्यात थंडी? गरिबाची थट्टा करता काय?"

सुलभाने थर्मामीटर लावून दाखवलं. ताप नव्हताच. अंग उलट नेहमीपेक्षा गार.

आता पांघरायला काय? वॉर्डातली ब्लँकेट्स उन्हाळा म्हणून स्टोअरमध्ये कुलूपबंद. चावी ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला. डॉक्टरांच्या खोलीत कुणाच्या तरी सत्काराची शाल पडली होती, अजून प्लास्टिकमध्येच. सुलभाने प्लास्टिक फाडून ती आणली आणि सुनेवर पांघरली.

आजी बघतच राहिल्या. "माह्या सुनेचा सत्कार करून राह्यल्या काय?"

"हो. नातू देला ना तिनं तुमाले."

"नात हाये."

"मंग दोन शाली!"

आणि खरंच दुसरी शोधून आणली.

तेव्हापासून हिला शालींचा नादच लागला. वाशीममध्ये सत्कार न झालेला माणूस सापडणं कठीण. प्रत्येकाच्या कपाटात घडी न मोडलेल्या शाली. ही कार्यक्रम संपला की स्टेजच्या पायरीशी उभी. "साहेब, नारळ तुम्ही न्या. शाल मला द्या."

माझ्या रिटायरमेंटची शाल तर मी खुर्चीवर बसायच्या आधीच गेली.

पण नुसत्या शालींवर तिचं काम थांबलं नाही. ऑपरेशनच्या आधी, मध्ये आणि नंतर, प्रत्येक पेशंटचं टेम्परेचर ती घेत राहिली. सलाईन कोमट करून वापरायची. उबेत ठेवलेले पेशंट शांत जागे होतात, जखमा नीट भरतात, हे जगभरचे डॉक्टर लिहीत होते. तिला ते आपल्या माणसांत बघायचं होतं.

एका कॉन्फरन्समध्ये तिने हे मांडलं, तेव्हा मागून कुणीतरी हसलं. "मॅडम, वाशीमला कसली थंडी?"

"पेशंट वाशीममध्ये नसतो डॉक्टर," ही म्हणाली, "तुमच्या एसीमध्ये असतो."

मागच्या वर्षी तिचंच ऑपरेशन ठरलं. पोटातली गाठ. जायच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "मरायची भीती नाही गं. त्या टेबलावर कुडकुडायची आहे. मी खूप जणांना बघितलंय."

"नाही वाजू देणार थंडी," मी म्हटलं.

म्हणून मी नागपूरला स्वेटर, मोजे, कानटोपी आणि रिठदच्या आजींनी तिला शिवून दिलेली गोधडी, असं सगळं घेऊन गेले. नर्सशी भांडायची तयारी करूनच.

आत गेले तर नर्सने सुलभाला आधीच एका फुगीर ब्लँकेटखाली झोपवलं होतं. पाईपमधून त्यात गरम हवा येत होती.

"काकू, हे आम्ही सगळ्यांनाच करतो," ती मुलगी म्हणाली.

"कशासाठी गं?" सुलभाने विचारलं.

आणि त्या मुलीने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. भूल, एसी, सलाईन. खेड्यातल्या आजीला सांगावं तसं, सावकाश. मी बोलणार होते, की अगं, या कोण आहेत माहीत आहे का? पण सुलभाने ब्लँकेटखालून हात काढून मला चिमटा घेतला.

"छान समजावलंस," ती त्या मुलीला म्हणाली.

पुढे मला म्हणाली, "सगळ्यांनाच, शोभे. ऐकलंस ना?"

ऑपरेशनने आम्हाला एक पावसाळा दिला, एक दिवाळी दिली. शेवटचे दिवस ती घरीच होती. मी जवळ बसले की हात पुढे करायची. काल सकाळी ते माझ्याच हातांत होते. बराच वेळ.

आता तिने सांगून ठेवलेलं.

गोधडी रिठदला, त्या नातीला. तिचं लग्न ठरलंय.

थर्मामीटर मानोऱ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना. त्या कुणालाही उसना देत नाहीत, म्हणून त्यांनाच.

लाल स्वेटर मला.

कपाटातल्या सगळ्या शाली बाळंतिणींच्या वॉर्डाला. कुलपात ठेवायच्या नाहीत, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

आज दुपारी तिला न्यायचं आहे. बरेच जण शाल घेऊन याल. तिच्या अंगावर घालू नका. दाराशी खोकं ठेवलंय, त्यात टाका. ज्याला थंडी वाजतेय, त्याच्यापर्यंत ती जाईल.

तिला आता थंडी वाजत नाही.

ये गं सुलभा. मान मोकळीच ठेवलीय.