परातीवरचा कंस

तक्रारदार: मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणे, मूळचा खर्ड्याकडचा. सामनेवाली: माझी सख्खी थोरली बहीण, राहणार मुलाकडे, केडगाव. तक्रारीची वस्तू: पितळेची परात, जुनी, एक. घटनेचा दिवस: भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत. साक्षीदार: माझी पत्नी, परातीवर नाव घालणारा कारागीर आणि पंगतीला बसलेले सर्व नातेवाईक, ज्यांपैकी एकही माझ्या बाजूने बोलला नाही. नावे मुद्दाम वगळली आहेत. घरातली गोष्ट कागदावर आणू नये, असे मी लोकांना सांगत आलो. तो नियम मला स्वतःला मोडावा लागत आहे, याची जबाबदारी सामनेवालीवर आहे.

प्रथम माझ्या राहणीविषयी, कारण त्या दिवशी तिच्यावरच हसणे झाले. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, परंतु वस्तूची किंमत मला पदवीधरांपेक्षा अधिक कळते. माझे लिहिण्याचे टेबल पाडलेल्या एका घराच्या दाराचे आहे. शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी बसवतो आणि त्या बदल्यात मी त्याचे रेशनकार्डाचे अर्ज लिहितो. खुर्चीचा वेत तुटला तेव्हा एकाने खताच्या गोणीच्या पट्ट्या विणून दिल्या; त्याच्या आईचा निराधार योजनेचा अर्ज मी केला होता. पत्नीच्या साड्या गोधडीत जातात. माझ्या पँटी भांडेवाली नेते व स्टीलचा डबा ठेवते.

"वहिनी, ह्या पँटीला गुडघंच ऱ्हायलं न्हाईत," ती म्हणते.

"बसून बसून गेलेत गं. बाकीचं कापड बघ की, नवंकोरं हाय," माझी पत्नी म्हणते, आणि डबा झाकणासकट घेते.

याला कोणी कंजुषी म्हणत असेल तर म्हणो. आमच्या घरातून आजवर कोणतीही वस्तू तिचा जीव जाण्यापूर्वी बाहेर पडलेली नाही.

परात ही माझ्या लग्नातली. आक्काने दिलेली. काठावर रीतीप्रमाणे नाव घातलेले होते: "भावाच्या लग्नात, थोरल्या बहिणीकडून". या परातीत आमच्या घरचे पीठ मळले गेले, कुरडयांचा चीक निवला, पाव्हण्यांचे पाय धुतले गेले. पुढे तिचा काठ चेपला, बुडाला फट पडली, म्हणून पत्नीने ती माळ्यावर टाकली.

भाच्याच्या वास्तुशांतीचे बोलावणे आले. मामाचा आहेर लागतो. बाजारात आज जे मिळते त्याला मी भांडे म्हणत नाही; फुंकर मारली तर उडेल असा तो पत्रा. मी माळ्यावरून परात काढली, नगरला नेली, ठोकून सरळ करून घेतली, फट सांधली, चिंचेने घासली. असे सोने झाले की दुकानदार स्वतः उठून बघायला आला.

शेवटी नाव घालण्याचा प्रश्न आला. कारागीर म्हणाला, "जुनं नाव घासून टाकू का? पत्ता लागनार न्हाई कुनाला."

मी स्पष्ट नकार दिला. खाडाखोड केलेला कागद कचेरीत टिकत नाही, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. सातबाऱ्यावर जुने नाव कधी खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि खाली नवे नाव घेतात. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली हे कायमचे दिसत राहते. याहून सभ्य पद्धत मला माहीत नाही. म्हणून मी जुन्या ओळीला दोन्ही बाजूंनी कंस करून घेतला व खाली लिहविले: "भाच्याच्या वास्तूस, मामाकडून".

पत्नी म्हणाली, "अहो, आक्कांना एकदा विचारा तरी."

"तिचीच वस्तू तिच्याच घरी चालली आहे. विचारायचे काय?" मी म्हणालो. हे उत्तर मला आजही बिनतोड वाटते.

केडगावला गेलो तर घरभर खोकी. नवा मिक्सर, नवे घड्याळ, नवा पडदा. जुना मिक्सर, नुसते बटण गेलेला, बाहेर कचऱ्याशेजारी ठेवलेला मी स्वतः पाहिला. आहेर मांडले गेले. भाच्याचे सासरे परात हातात घेऊन म्हणाले, "मामांनी भंगारवाल्याला वाटेत अडवला वाटतं."

"तसं न्हाई हो," भाचा हसत म्हणाला, "मामा अर्ज करून सोडवून आणतात."

सगळे हसले. मी संयम ठेवला. पितळ म्हणजे काय आणि पत्रा म्हणजे काय, हे मी मुद्देसूद समजावीत होतो, तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसून तिने परात घेतली, उजेडाकडे धरली. ती फार शिकलेली नाही. अक्षरावर बोट ठेवून वाचते. तिचे बोट नावाच्या सुरुवातीला येऊन थांबले.

"हे काय हाय?"

"कंस आहे, आक्का."

"कंस मला ठावं हाय. वडलांच्या जमिनीवर माझ्या नावाला केलाय, तसलाच हाय ह्यो."

तिने परात माझ्याकडे वळवली.

"तवा तू कागद आनलास. म्हनलास, आक्का, हितं सही कर. केली. त्या रानातली काकडी बी मी कधी मागितली न्हाई. तुझ्या घरात माझं नाव एवढ्या परातीवर हुतं. आता हितं बी कंस केलास व्हय?"

एवढे बोलून ती आत गेली. वाढायलाही बाहेर आली नाही.

त्या हक्कसोडपत्राचा मसुदा मी स्वतः केला होता. त्यात एक शब्द चुकलेला नाही. सही तिने राजीखुशीने केली, साक्षीदार होते, नोंदणी झाली. आमच्या तालुक्यात घरोघरी बहिणींनी असेच लिहून दिले आहे. त्यांपैकी कोणी भर पंगतीत भावाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो विषय या तक्रारीचा नाही. तो तिने आणला.

पुढे परात एका टेम्पोवाल्याबरोबर परत आली, सोबत निरोपही नाही. भाऊबीजेला पत्नीने पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावून ठेवले. आक्का आली नाही. वडील गेल्यापासून असे प्रथमच झाले. निरांजनातले तूप संपले तेव्हा पत्नीने पाट उचलला. परातीत ती पीठ मळत नाही. "आक्कांचा तळतळाट त्यात कशाला कालवू," म्हणते. एवढी दुरुस्त केलेली वस्तू भिंतीला टेकून नुसती उभी आहे, याचा मला अत्यंत संताप येतो.

मी पुन्हा त्या कारागिराकडे गेलो. कंस घासता येईल का, विचारले. तो म्हणाला, "कंस जाईल. पन लई जवळ मारलाय. घासताना तुमच्या बहिनीकडचं अक्षर बी जाईल." मी परात घासू दिली नाही. तशीच घरी आणली.

सबब विनंती की, सामनेवालीने येत्या भाऊबीजेपूर्वी आपले म्हणणे कळवावे. लेखी नको, तोंडी चालेल, मात्र ते इथे, माझ्या दारात येऊन सांगावे. नोंदीची दुरुस्ती ज्याचे नाव कंसात गेले त्याच्या सांगण्याशिवाय होत नसते, हा कचेरीचा नियम आहे आणि तो मी मानतो. परातीवर काय राहावे व काय जावे, हे ती म्हणेल तसे करून घेईन. अन्य एखाद्या नोंदीबद्दलही तिचे काही म्हणणे असल्यास तिने ते याच वेळी सांगावे. मी समोर बसून, मध्ये न बोलता, ती सांगेल त्या शब्दांत लिहून घेईन.