खातं माझ्याच नावावर राहील

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि आमच्या अमळनेरच्या घरी गच्चीवर पापड लाटणं जोरात चालू होतं. गल्लीतल्या बायका मदतीला आल्या होत्या... आज माझ्याकडे, उद्या तिच्याकडे, ही आमची जुनी पद्धत. पापडांचा माझा छोटासा धंदा आहे, ऑर्डरी फोनवर येतात आणि पैसे ऑनलाइन.

आता पापड लाटताना हात पिठातेलाने माखलेले. त्यामुळे फोन वाजला की जिचे हात कोरडे ती उचलते, आणि पिन लागला की मी पोळपाटावरूनच ओरडून सांगते! गल्लीतल्या बायकांना माझा पिन तोंडपाठ होता म्हणा ना... आणि आजवर एकीनेही त्याचा गैरफायदा घेतलेला नाही, हे आधीच लिहून ठेवते.

त्या दिवशी फोन आला तो नाशिकचा दुकानदार म्हणवणाऱ्या एका माणसाचा. मोठी ऑर्डर, बोलणं एकदम साखर पेरलेलं. 'ताई, ऑर्डरची फाइल पाठवलीय, ती उघडा आणि पिन टाका, लगेच ॲडव्हान्स जमा होईल.' शेजारच्या रेखाने फाइल उघडली, त्यातून एक ॲप फोनमध्ये शिरलं. त्याने पिन विचारला, मी आकडे ओरडले, तिने दाबले...

जमा कसलं होतंय? थोड्या वेळाने मेसेज आला तो पैसे गेल्याचा. सीझनची जवळजवळ सगळी कमाई गेली.

रेखा तिथेच रडायला लागली, तिला वाटलं तिच्याच हातून झालं. मी म्हटलं, डोळे पूस, चोर तू नाहीस आणि मीही नाही. पिठाच्या हातानेच फोनचं इंटरनेट बंद केलं आणि आमच्या ह्यांच्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवलं. लगोलग सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तिथली मुलगी म्हणाली, लवकर फोन केलात ते बरं झालं. थोडे पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडकवता आले, बाकीच्या पैशांचं अजून काही कळलेलं नाही.

मग उरलेला दिवस कुलपं बदलण्यात गेला. ह्यांच्या फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या चाव्या तिथेच असतात. कुठल्या अनोळखी फोनवर माझं खातं उघडं आहे ते बघून सगळीकडून बाहेर काढलं. माझा फोन दुकानात नेऊन कोरा करून आणला, मगच नवा पिन ठेवला आणि व्हॉट्सॲपलाही त्याहून वेगळा पिन लावला. आणि हो, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो... हे मला त्या दिवशी कळलं, तुम्ही आजच पाठ करा.

खरा त्रास मात्र संध्याकाळी आला. माझे मोठे दीर नाना, धुळ्याला असतात, बातमी ऐकून तडक एसटीने आले. सगळ्यांसमोर निकाल देऊन मोकळे... 'हाई ऑनलाइन बठ्ठं बंद करी टाक. खातं भाऊना नावे कर, फोन बी त्यानाकडेच राहू दे.' बठ्ठं म्हणजे सगळंच, आणि भाऊ म्हणजे आमचे हे. ते मान खाली घालून चहा पीत बसले.

मोठ्या दिरांसमोर सुनेने तोंड उघडायची आमच्याकडे रीत नाही. लग्न झाल्यापासून नानांशी माझं बोलणं म्हणजे डोक्यावरचा पदर सावरत 'चहा ठेवू का' एवढंच. पण त्या क्षणी डोक्यात अशी सणक गेली... पापड मी लाटायचे, उन्हात मी भाजायचं, आणि चोरी झाली म्हणून खातंही माझ्याकडूनच काढून घ्यायचं? हा कुठला न्याय?

मी पदर सावरला, आणि बोलले. 'नाना, घरमा चोर घुसना ते आपण कुलूप बदलतस. घर दुसराना नावे नही करतस. खातं मनं शे, मनाच नावे राही.'

सासूबाई आतून बघत होत्या, त्यांनी फक्त पोह्यांची ताटली आणून नानांसमोर ठेवली. नानांनी पोहे खाल्ले आणि रात्री इथेच राहिले. सकाळी निघताना मात्र स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाले, 'मना बी देखी ले जराक.' बघितलं, तर त्यांच्या फोनला साधं लॉकसुद्धा नव्हतं!

मग मी सगळा प्रकार स्टेटसला टाकला. एक-दोघी म्हणाल्या, अगं, चारचौघांत कशाला सांगतेस, लोक हसतील. हसू देत! लाजायचं तर ज्याने चोरलं त्याने लाजावं, मी का म्हणून तोंड लपवू?

स्टेटस बघून बोदवडच्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होत्या. त्यांनाही असंच फसवलंय, शिवणकामाचे साठवलेले पैसे गेलेत, आणि घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही... कारण सांगितलं तर फोन काढून घेतील. पैशांपेक्षा त्याचीच भीती जास्त.

मी म्हटलं, आधी बँकेला कळवा, आत्ता, माझ्याशी बोलणं थांबवून. उद्या सकाळच्या गाडीने मी येते, दोघी मिळून पोलीस स्टेशनला जाऊ. घरात कुणी विचारलं तर बिनधास्त माझं नाव सांगा, आणि तुमचा फोन तुमच्याच हातात ठेवा.