माझं वय, पाटलाच्या अक्षरात

"वय?" कोर्टाच्या कारकुनानं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. आमच्यात वय कोण मोजतं?

मागच्या बाकावरून आमच्या गावचा पाटील बोलला, "लिवा पंचवीस! मिशा पाहा ना याच्या, ठाकूरसाहेबावानी!"

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबही हसले. हसू पुसून त्यांनी मला चोरीबद्दल तीन महिने सक्तमजुरी ठोकली.

मिशी हसण्यासारखीच होती म्हणा. दोन वर्षं तेल चोळून कशीबशी उगवलेली. तीच आत घालील हे ठाऊक असतं तर आदल्या दिवशी भादरून गेलो असतो.

चोरी कशाची? घुंगरमाळेची. राळेगावकडच्या आमच्या खेड्यात पोळ्याआधी पाटलाच्या बैलांच्या पितळी माळा कोतवालाच्या घरी यायच्या. चिंचेनं घासायला. कोतवाल माझा बाप. माळा चमकवायच्या, अन् पोळ्याला बैलांपुढं डफडं वाजवायचं. छप्पन साली धम्म घेतला, तरी बापाचं डफडं सुटलं नव्हतं. त्या वर्षी त्याची छाती भरली, म्हणून डफडं माझ्या गळ्यात येणार होतं.

पाटलाचा निरोप आला, तसं मी सांगून धाडलं, "मी नाही वाजवत."

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या फिर्यादीवरून शिपाई आले. माळ आमच्या घरात सापडली. सापडणारच! घासायलाच आली होती.

बाप पाटलाच्या पायावर पडला. "मालक, तुमीच धाडली होती ना जी."

पाटलानं पाय मागं घेतला. "तोंड लांब धर बे. वास मारते."

शिक्षा झाल्यावर जामिनावर सुटलो अन् अपिलासाठी यवतमाळला वकील गाठला. त्यानंही पहिल्यांदा वयच विचारलं. बाप म्हणाला, "वहीत असन जी." गावच्या जन्ममृत्यूची वही. बाप ती डोक्यावर घेऊन दर आठवड्याला ठाण्यात पायी जायचा. त्यातलं अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

वही निघाली. मी एकोणीस वर्षांचा. अन् अक्षर पाटलाचं! माझा जन्म त्यानंच लिहिला होता. पंचवीस सांगताना त्याला सगळं ठाऊक होतं.

वकील खूश. "एकवीसच्या आतला पोरगा, पहिला गुन्हा. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय असा पोरगा तुरुंगात धाडताच येत नाही. साहेबानं मागवला नाही. शिक्षा उडाली समज."

मी ऐटीत मिशीला पीळ दिला अन् अपिलाचा कागद वाचू लागलो. शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसून का होईना, चौथी पास होतो. दुसऱ्या पानावर ओळ होती: 'चोरीच्या दोषाबाबत अपीलदाराची तक्रार नाही.'

"हे काहून, वकीलसाहेब?"

"अबे, चोरीवर भांडशील तर जज चिडेल. चूक पकड अन् सूट."

बापानं माझा हात धरला. "कर सही, बाबू. चोर म्हनलं तं काय आंगाले भोक पडते?"

मी त्याच्याकडं पाहिलं. जन्मभर त्याला जे जे म्हटलं गेलं, ते त्यानं असंच अंगावर घेतलं होतं. आता तेच मला शिकवत होता.

मी टाक घेतला. ओळ खोडली. शेजारी लिहिलं: 'मी चोरी केली नाही. माळ घासायला दिली होती.'

वकिलानं कपाळाला हात लावला. "मग आत जाशील."

"जाईन."

अपिलात शिक्षा रद्द झाली. चोरी कायम राहिली. चांगल्या वर्तनाची हमी लिहून घेऊन मला सोडलं.

पाटील बाहेर पान चघळत उभा होता. "सुटला का बे, चोरा? आता पोळ्याले ये. डफडं वाट पाहून राह्यलं."

बाप माझी बाही ओढत होता. पाटलापुढं पहिल्यांदाच माझी मान वर होती. मिशी तेवढी थरथरत होती.

"डफडं फोडून टाकलं, पाटील. अन् तुमच्या हातच्या नोंदीची नक्कल मी नागपूरच्या हायकोर्टात नेऊन राह्यलो. वयात खोटं बोलला, तो माळेतही खोटाच बोलला. तिथंही चोर म्हनलं, तं त्याच्याही वर जाईन."

बाही सोडवली अन् मोटारस्टँडकडं चालू लागलो.