रिकाम्या आखाड्यातली कुस्ती

भूतबीत मी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणी नाक मुरडायला नको. आमचं वांग्याचं रान स्मशानाला लागून होतं, तिथल्या वांग्यांवर मी मोठी झाले. सुनेनं दाराला लिंबू-मिरची बांधली तर मी ती सोडून आमटीत घालते. अंगात येणाऱ्या बायकांना तर मी तोंडावर बोलते, त्यामुळे गावात मला फारशा मैत्रिणी नाहीत.

या सदरात लोक लिहितात ते सगळं मी वाचते. अर्ध्याच्या वर मला खोटं वाटतं. पण एक गोष्ट माझ्याजवळ आहे... ती ज्यांची आहे ते दोघंही आता म्हातारे होऊन, आपल्या वेळेला गेले. म्हणून आता लिहायला हरकत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन तेवढं बघून घ्या.

साल सत्तावन्न. फ्लूची मोठी साथ आली ते साल. आमचं गाव बारामती तालुक्यात, पणदऱ्याच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. आमचं घर गावाच्या टोकाचं. त्याच्या पुढं चिंचेचं झाड, मग उतार, आणि उताराखाली कुस्तीचं मैदान. डोक्यावरची घागर एकदाही न टेकवता जाता येईल इतकंच अंतर. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आई लहानपणीच गेलेली. घरात आबा म्हणजे माझे वडील, विधवा आत्या, मी, आणि दादा.

दादा, म्हणजे गावाचा सदा, पैलवान होता. म्हणजे दुसरं काहीच करत नव्हता. शेताला पाणी धरायला त्याला कधी कुणी सांगितलं नाही. त्याला गाव पोसायचं. रोज एका घराची दुधाची पाळी असायची. पहाटे त्या घरची बाई लोटा घेऊन यायची आणि दादा पिईपर्यंत उभी राहायची, कारण पोटात गेलेलं डोळ्यांनी बघायचं असायचं. जत्रांच्या दिवसात तो बारामती, इंदापूर, भिगवण, पार फलटणपर्यंत कुस्त्या करत फिरायचा. जिंकून आला की मिरवणूक. हरून आला तरी दूध यायचं, पण आत्या लोट्यात बघून म्हणायची, "आज म्हशीला लई तहान लागली हुती वाटतं."

आणि एवढं असून मी दादाची एकही कुस्ती बघितली नव्हती. बायकांनी तालमीत जायचं नाही, मैदानात जायचं नाही, आखाड्याच्या मातीला तर सावलीसुद्धा लागू द्यायची नाही. आम्ही कुस्ती ऐकायचो. मैदान असलं की दुपारी आसपासच्या बायका आमच्या घराच्या धाब्यावर चढायच्या. शेंगा फोडायच्या, पोरांना पाजायच्या, आणि कान उताराकडं. चिंचेमुळं दिसायचं काही नाही. पण आत्याला हलगीवरून सगळं कळायचं. संथ ठेका चालू असला की ती म्हणायची, "अजून नुसती पकड हाय." ठेका वाढला की, "कुणीतरी खाली आलंय बगा." मग हलगी कडाडायची, माणसं ओरडायची, पटके फडफडायचे, आणि आत्या मांडीवर थाप मारायची — "आपला!" ती कधी चुकली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली तर तिचा आवाज वेगळा. पंच मोठ्यानं ओरडायचा, "सुटली! बरोबरीत सुटली!" हलगी जागच्या जागी थांबायची. घटकाभर शांतता, आणि मग दोन्हीकडनं सारख्या टाळ्या. शिट्टी नाही, आरोळी नाही.

त्या दुपारी आता आठवल्या की वाटतं, टीव्हीवर बसून सगळं दिसतं, पण आम्हाला ऐकून जेवढं दिसायचं तेवढं यांना दिसत नाही.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात दादाची कुस्ती नेमली इंदापूरकडच्या निवृत्ती पैलवानाशी. मैदान आमच्या गावात, नागपंचमीला. दोन्ही गावच्या पंचांसमोर दोघांनी हातात हात दिला. आमच्याकडं हात दिलेली कुस्ती म्हणजे बांधलेली कुस्ती. ती पंचांनी सोडवायची, नाहीतर एकानं पडायचं. जो येणार नाही तो पडला.

आणि मग ताप आला. मुंबईहून आला म्हणाले. पंधरा दिवसांत घरटी दोन-तीन माणसं आडवी झाली. शाळा बंद, बाजार बंद. आबा पंच होते. त्यांनीच तालमीला कुलूप लावलं आणि नागपंचमीचं मैदान रद्द केलं. दुधाची पाळी कुणी मोडली नाही, आपोआप मोडली. ज्याच्या त्याच्या घरातलं आजारी माणूस आधी. सुरुवातीला गावातली म्हातारी माणसं पारावर बसून तोंडानं कुस्त्या करायची — सदानं ढाक लावली असती, निवृत्ती असा पडला असता. मग एकेक करून तीही उठली आणि पार रिकामा झाला. गावात कुणी मेल्याचं दुःख करत होतं, पण मैदान नाही याचंही दुःख होतं. ते उघड बोलायची लाज वाटायची, एवढंच.

निवृत्तीच्या गावाला निरोप द्यायला एक माणूस पाठवला होता. तो भिगवणला पोचून तापच घेऊन परत आला. दुसरा कुणी जायला तयार होईना. म्हणजे मैदान रद्द झाल्याचं तिकडं कळलंय की नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

नागपंचमीच्या चार दिवस आधी दादा पडला. सहा फूट माणूस, पण गोधडीखाली गोळा होऊन थडथडत होता. आणि तोंडात एकच — कुस्ती.

"आत्या, मला उठव. त्यो मैदानात उभा राहील आन् म्हणंल, सदा भ्याला."

"म्हणू दे. भ्यालेला जित्ता तरी असतो."

"अंगाला माती लागली की ताप उतरतोय. वस्तादांनी सांगितलंय."

"व्हय, आन् त्या किसनाचा बी उतरला न्हवं? पार थंड पडला त्यो."

किसना तालमीतला दादाचा जोडीदार. ताप अंगात असताना त्यानं कुलूप लागायच्या आधी तालमीतली हळद-ताक मुरवलेली माती अंगाला फासली आणि घाम काढायला शंभर जोर मारले. तिसऱ्या दिवशी गेला. पैलवानच अशी चूक करू जाणे. त्याला वाटतं, जे येईल ते चीत करता येतं.

बारामतीचे डॉक्टर सायकलवरून आले. दादाची छाती तपासली आणि मला म्हणाले, "पोरी, ताप उतरायच्या आधी हा उठला, धावला, तर छाती बंद पडंल. मग मला बोलवू नका."

तेव्हापासून मी उंबऱ्यात बसायला लागले. दादा रांगत आला तरी मला ओलांडून जाणार नाही, असं ठरवून.

नागपंचमीचा दिवस. झोका नाही, फेर नाही, गाणी नाहीत. आबा औषध आणायला बारामतीला गेलेले. दुपारचे तीन वाजले असतील. दादा ग्लानीत होता, श्वास घरघरत होता. आत्या त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. आणि उताराकडनं हलगी वाजायला लागली.

संथ ठेका. कुस्ती लागल्यावरचा.

मी आत्याकडं बघितलं. तिचा हात पट्टीवर थांबला होता.

"कोण मुडदा वाजवतोय आज?" ती म्हणाली.

"तुलाबी आयकू येतंय?"

"मी काय बहिरी हाय?"

मग माणसांचा आवाज आला. भरल्या मैदानाचा असतो तसा, खालच्या पट्टीतला, विहिरीतून आल्यासारखा. आत्यानं सवयीनं मान तिरकी केली आणि पुटपुटली, "पकड हाय... घट्ट हाय..." आणि स्वतःच दचकून गप्प झाली.

दादाचे डोळे मिटलेले होते. पण त्याच्या हाताची बोटं गोधडीत रुतली होती आणि मानेची शीर दोरासारखी वर आली होती. "लागली का?" तो म्हणाला. डोळे न उघडता.

"तोंड काय बगतीस?" आत्या माझ्यावर खेकसली. "जा, बंद कर जा त्यांना! ह्यो उठला तर आपल्याला आवरनार हाय का?"

"मी? मैदानात?"

"न्हाय तर कोण जानार? मी ह्याच्या छातीवर बसते!"

मी पळाले. वाटेत शेजारचे रामभाऊ ओट्यावर खोकत बसले होते. "कुठं गं, बोंबलत?"

"हलगी बंद करायला."

"कसली हलगी?" ते म्हणाले. "हलगीवाला त्याच्या बहिणीकडं तापानं पडलाय. डोस्कं फिरलं का तुजं?"

त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांना काहीच ऐकू येत नाही. मला तर आता पटके फडफडल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

चिंच ओलांडून मी उतारावर आले आणि उभी राहिले. मैदान रिकामं होतं. एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. आखाड्याच्या हौदात हरळी उगवलेली, मधोमध पावसाचं पाणी साचलेलं. आणि आवाज मात्र चारी बाजूंनी. हलगी तर माझ्यापासून हातभर अंतरावर वाजत असावी इतकी जवळ. पाण्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता.

घाबरले का, असं माझ्या लेकीनं विचारलं होतं. घाबरले, पण त्या आवाजाला नाही. ठेका वाढायला लागला होता, त्याला घाबरले. कुणीतरी खाली आलं होतं. आता हलगी कडाडणार, आणि घरी दादा एक तर उठणार, नाहीतर... पुढचं मी मनात येऊ दिलं नाही.

"बंद करा!" मी ओरडले. "माजा भाऊ तिकडं मरायला लागलाय! मैदान रद्द हाय!"

काही फरक नाही. ठेका वाढतच होता. मैदानात पोरीचं कोण ऐकणार?

मग माझ्या लक्षात आलं, हे लोक ऐकतात फक्त एकाचं, पंचाचं. मी चप्पल काढली, हौदाच्या काठावर चढले, मातीत पाय ठेवला — बाईमाणसाचा पाय त्या मातीत पहिल्यांदाच पडला असेल — आणि दोन्ही हात वर करून, धाब्यावर बसून जन्मभर ऐकलं होतं तसंच ओरडले, "सुटली! बरोबरीत सुटली!"

हलगी थांबली. जागच्या जागी.

घटकाभर शांतता. कालव्याच्या पाण्याचा आवाज आला. आणि मग टाळ्या. दोन्हीकडनं, सारख्या. शिट्टी नाही, आरोळी नाही. विरत विरत गेल्या. मी चप्पल हातात घेतली आणि घराकडं पळाले.

घरी आले तर आत्या दादाच्या उशाशी त्याचे दोन्ही खांदे दाबून बसली होती. दादा घामानं भिजला होता. गोधडी पिळली असती तर बादली भरली असती. अंग गार, श्वास मोकळा.

"हलला का गं?"

"न्हाय. लई जोर करत हुता. पडल्या पडल्याच, दात खाऊन. आत्ता येकदम सैल पडला." मग तिनं माझे मातीनं भरलेले पाय बघितले. "धू आधी. तुजा बाप यील."

एवढंच बोलली. पुन्हा त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आता कुणी म्हणेल ताप उतरायची वेळ झाली होती, उतरला. आवाज म्हणजे कानाची सवय. मीही तेच म्हटलं असतं आणि तुम्हाला हे लिहिलं नसतं.

पण दिवाळीनंतर, साथ ओसरल्यावर, निवृत्ती पैलवान घरी आला. मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. गालफडं बसलेली, अंगावरचा सदरा दुसऱ्याचा असल्यासारखा. दादाची गतही तीच होती. दोघं एकमेकांकडं बघून आधी हसले.

"काय रं सदा, काडी झालास की."

"तू काय गदा घिऊन आलायस व्हय?"

आबांनी त्याला विचारलं, मैदान रद्द झाल्याचा निरोप पोचला होता का. निवृत्ती म्हणाला, "न्हाय, आबा. पर मी बी तापानं पडलो हुतो. नागपंचमीला तर घरच्यांनी आशा सोडली हुती. दुपारच्याला छातीवर ह्यो बसला हुता बगा," — त्यानं दादाकडं बोट केलं — "ह्योच. हात मानंखाली. दम म्हनून घिऊ दिना. गेलोच हुतो मी. तेवढ्यात कुनीतरी सोडवली." मग जरा घुटमळून म्हणाला, "आबा, तुमच्या गावात पंच बाई हाय का? आवाज बाईचा हुता."

मी चहा घेऊन उभी होते. आत्यानं माझ्या हातातली कपबशी काढून घेतली आणि ठणकावून सांगितलं, "आमच्यात बायका मैदानात जात न्हाईत. तापात मानसाला काय बी आयकू येतं. च्या घ्या."

दादा मात्र हसत नव्हता. तो खाली बघत होता. तसाच म्हणाला, "आनखी दोन दम मिळालं असतं तर पाडला असता तुला."

"पाडला असतास," निवृत्ती म्हणाला.

कुस्ती दोघांनीही पुन्हा केली नाही. छातीत दम राहिला नव्हता. आमच्या तालमीचं कुलूप निघालं ते पुढं कडबा ठेवायला. दूध घराघरात राहिलं. दादानं कालव्याखालच्या रानात ऊस केला, संसार केला, नातवंडं बघितली. निवृत्ती वर्षातून एकदा यायचा, नागपंचमीच्या मागंपुढं. दोघं ओट्यावर बसून शेंगा खायचे आणि मैदानाकडं बघायचे नाहीत.

माझ्या मनात एकच येतं. मी वाटेत रामभाऊंशी आणखी जरा बोलत उभी राहिले असते तर हलगी कडाडली असती आणि दादा जिंकला असता. आणि तिकडं इंदापूरच्या बाजूला एका घरात...

याचा उलगडा मला आजपर्यंत झाला नाही. तुमच्यात कुणी शिकलेलं असेल तर सांगा, पण भास झाला असं सांगू नका. हलगी कुणी वाजवली, मला माहीत नाही. त्या दोघांची कुस्ती कुणी लावून दिली, तेही माहीत नाही. सोडवली मी, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.