गोलाच्या तोंडावर जाळं

"आता कोनाचा बाप गोल मारते ते पायतो."

असं म्हणून माझा भाऊ वसंता गोली म्हणून, खांबासारख्या रोवलेल्या दोन बल्ल्यांच्या मधे ऐटीत उभा राहिला. त्याच्या पाठीला लागून, गोलाच्या थेट तोंडावर, गावात मासेमारी करणाऱ्या दशरथभाऊंनी आपलं मासे धरायचं जाळं तबल्यासारखं ताणून बांधलं होतं. पलीकडच्या गोलालाही तसंच.

जाळ्याची कल्पना बाबांची. बाबा सिंदेवाहीच्या शाळेत चित्रकला शिकवत. पण गावात शिट्टी फक्त त्यांच्याकडे होती, म्हणून फुटबॉलचे पंचही तेच. आदल्या वर्षी चेंडू बल्लीच्या आतून गेला की बाहेरून, यावरून चामोर्शीच्या शाळेशी अशी जुंपली की विजेत्यांची ढाल कोणालाच न देता बाबांनी घरी आणली. (आईने ती वर्षभर रांजणावर झाकली.) तेव्हापासून लोक म्हणत, "ढाल मास्तरच्या घरी, गोली मास्तरच्या घरचा." बाबांना ते फार लागलं होतं. यंदा वादच नको, म्हणून जाळं.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत होते आणि नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. तिथे शेजारच्या मुलांच्या शाळेच्या मैदानावर जाळी मागच्या बाजूला बांधतात, हे मी पाहिलं होतं. अख्ख्या तालुक्यात हे ठाऊक असलेली बहुधा मी एकटीच. म्हणून मी गप्प बसले.

एकदा धीर करून "भाऊ..." म्हटलंही. पण दशरथभाऊ आपल्याच तंद्रीत सांगत होते, "जाळं ओढ्याच्या तोंडाले लावतेत. मांगं लावून का उपयोग? मासा तं आत गेला ना!"

मी परत आपल्या जागी जाऊन बसले.

मागे बसलेल्या बाया कुजबुजल्या, "मास्तरची पोरगी मुकी आहे का वं?"

"नाई वं. इंग्रजी आहे."

सामना बराच वेळ मैदानाच्या मध्यावरच, धुळीत चालला होता. शेवटी चामोर्शीच्या एका उंच पोराने सणसणीत लाथ घातली. वसंता उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून गेला, जाळ्यावर आपटला आणि परत येऊन पडलेल्या वसंताच्या कुशीत विसावला.

"धरला!" वसंता ओरडला.

"तू धरला का जाळ्यानं धरला बे?" तो उंच पोरगा म्हणाला.

"आत कुठी गेला? दाखव ना!"

"माह्या जाळ्यातून काईच जात नाई," दशरथभाऊ अभिमानाने म्हणाले.

"मास्तरले ढाल पाह्यजे रांजणावर झाकाले, गोल कायचा देते!" चामोर्शीच्या बाजूने कोणीतरी ओरडलं.

बाबांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "बेबी, तू शहरात पाहिलंस ना? तूच सांग."

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. वसंताने चेंडूच्या आडून हात जोडले. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, विचारल्याशिवाय बोलू नये. आता तर विचारलं होतं.

मी उभी राहिले.

"गोल झाला, बाबा. जाळं मागून बांधतात. मी सकाळपासून हेच सांगते आहे... मनातल्या मनात."